काहीतरी कमी

वडीगोद्रीत पाइप-मोटारींच्या दुकानात भुजंगरावांचा शब्द चालायचा; घरात फक्त जीभ. ताटावर बसले की पहिल्या घासाला डोळे मिटून ते निकाल द्यायचे, "काहीतरी कमी हाय." काय कमी, ते त्यांना लग्न झाल्यापासून एकदाही सांगता आलं नव्हतं. जाणकार म्हणून मिरवायला तेवढं पुरायचं.

यंदा मुलीच्या, आकांक्षाच्या लग्नाच्या तोंडावर बायकोचा, बेबीनंदाबाईंचा उजवा हात मोडला. आता येसर कोण करणार? भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळलेलं ते पीठ. त्याच्या आमटीवाचून इकडं लग्न लागलं तरी वऱ्हाडाला लागल्यासारखं वाटत नाही.

"त्यात काय अवघड हाय? म्या करतो," भुजंगराव म्हणाले. आयुष्यभराच्या परीक्षकाला परीक्षेला बसायची हौस आली होती. बायकोनं एकदा "छान" म्हणावं, एवढाच लोभ होता.

ज्वारी भाजली, हरभऱ्याची डाळ भाजली, खोकत-शिंकत मिरच्या भाजल्या. बोटांना चटके बसले. मसाल्याच्या पुड्या निवडताना एकीत निव्वळ झाडाची वाळकी साल निघाली, काळी-करडी. किराणावाल्यानं फसवलं! ती पुडी त्यांनी बाजूला काढली. चक्कीवरून दळण आणून आकांक्षाला थोडी आमटी टाकायला सांगितली आणि स्वतः तरातरा राधेश्यामच्या किराणा दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर पुडी आपटली.

"कचरा इकून राह्यला का रे?"

राधेश्यामनं पुडी हुंगली. "काका, दगडफूल हाय हे. मसाल्याचा समदा वास ह्याच्यातच असतो."

गिऱ्हाइकं खो खो हसली. जाणकार पुडी खिशात घालून मागच्या गल्लीनं घरी आले.

बेबीनंदाबाई डाव्या हातानं आमटी चाखत होत्या. आता आपलंच वाक्य ऐकावं लागणार.

"छान झाली की," बाई म्हणाल्या.

भुजंगरावांनी वाटीभर मागून घोट घेतला. काय कमी आहे, ते त्यांना जन्मात पहिल्यांदा नेमकं ठाऊक होतं. त्यांनी पुडी ओट्यावर ठेवली. "खोटं कशाला बोलतीस? हे ऱ्हायलं."

"ते तर पहिल्या घोटालाच कळलं. पण तुमचे भाजलेले बोटं पाहिले, मंग तसं म्हणवलं न्हाई."

भुजंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपली बोटं पाहिली, मग प्लॅस्टरबाहेर आलेली तिची. त्यांवर भाजल्याचे जुने डाग होते, एकावर एक. हे कधीचे, असं विचारायचीही त्यांना लाज वाटली.