मामाच्या रक्ताची पिशवी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एड्सच्या बातम्यांनी सगळ्यांची झोप उडवली होती. रक्ताची पिशवी म्हटली की मला घाम फुटायचा. त्यात आईचा रक्तगट बॉम्बे नावाचा, फार दुर्मिळ. साधं ओ रक्तसुद्धा तिला चालत नव्हतं. कळव्याच्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात तो गट आणखी एकाच माणसाचा निघाला, तिच्या भावाचा. मामाने धडधाकट असताना मुंबईच्या एका रक्तपेढीत तिच्यासाठी रक्त दिलं आणि तिथल्या लोकांनी ते गोठवून ठेवलं. वर्षभरात मामा होडीसकट खाडीत गेला. देह मिळाला नाही. आई रडलीही नाही, नुसती मासळी विकत राहिली.

पुढे अंगावरून जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली. गर्भाशय काढायचं ठरलं, पण आधी रक्त चढवल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. "गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून ग्लिसरीन घालतात. वितळवलं की धुऊन काढतात. मग मात्र ते उद्यापर्यंतच टिकतं," ते म्हणाले.

"धुतलं ते कोणी बघितलं?" मी विचारलं. ओठ फुटल्यावर लावायची वस्तू माझ्या आईच्या शिरेत जाणार, आणि हा माणूस चहा पीत हसत होता! मला संताप आला.

पिशवी आली ती थर्माकोलच्या डब्यात, बर्फावर. तसलाच डबा आई रोज बाजारात घेऊन बसायची. ती ताडकन उठून बसली.

"यो बर्फातला माल मना नको. मी कालचा म्हावरा आजचा म्हनून इकलाय, मना काय शिकवता?"

तिने पिशवी उजेडात धरायला लावली. पेशी खाली बसल्या होत्या, वर गुलाबीसर पाणी. मासळीला असं पाणी सुटलं की ती मांजरालाही घालत नसे.

"उतरलाय," तिने निकाल दिला.

"थोडं गुलाबी चालतं हो. गडद असतं तर मीच परत पाठवलं असतं," डॉक्टर म्हणाले. चालतं म्हणे! दुकानदार दुसरं काय सांगतो? मी आईच्याच बाजूने होते.

"आनि यो माज्या भावाचाच कशावरून?"

डॉक्टरांनी पिशवीवरची चिठ्ठी माझ्यापुढे केली. आईला वाचता येत नव्हतं. मी मामाचं नाव मोठ्याने वाचलं.

आईने पिशवीवर हात ठेवला. "थंड परलाय माजा भाव," ती म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला.

मी तिच्या अंगावर काटा येतोय का, धाप लागतेय का, हेच बघत बसले. नर्सला इतक्यांदा हाका मारल्या की ती वैतागली. पिशवी रिकामी झाली, तशी ती सुई काढायला आली.

"नलीत हाय ना अजून," आई म्हणाली. "पानी सोड. तो बी येऊं दे."

नर्सने सलाईन जोडलं. नळीतली लाली फिकट होत होत पाणी स्वच्छ झालं, तेव्हा आई रडली. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच.