परसातल्या घराची खिडकी

दोन हजार सालानंतरची सहा-सात वर्षं मी ब्रिस्टलच्या एका लहानशा ऑफिसात लाकडी सांगाड्याची छोटी घरं डिझाइन करायचे. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या मागे चिंचोळी गार्डन्स असतात, त्यात मावतील अशी. भिंतींचे तुकडे वर्कशॉपमध्ये तयार व्हायचे आणि बाजूच्या बोळातून दोघांनी उचलून मागे न्यायचे. म्हणून माझं प्रत्येक काम बोळाची रुंदी मोजण्यापासून सुरू व्हायचं. मोजमापात माझा हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

एकदा कॉव्हेंट्रीचं काम आलं. तिथेच जन्मलेले चाळिशीतले एक मराठी गृहस्थ. त्यांच्या आईला जिना चढताना दम लागायचा आणि बाथरूम वरच्या मजल्यावर. आईसाठी गार्डनमध्ये एक खोली, किचन आणि बाथरूम हवं होतं. आईला, म्हणजे काकूंना, ते मुळीच पटलं नव्हतं. पहिल्याच भेटीत चहा ओतताना त्या मला म्हणाल्या, "परसात लोक अडगळ टाकतात. मला तिथे ठेवताय?"

मुलगा मान खाली घालून बिस्किट खात राहिला. मी टेप उचलली आणि बोळ मोजायला बाहेर गेले.

आमच्याकडे एक पद्धत होती. घर रवाना करण्याआधी सांगाडा वर्कशॉपमध्ये उभा करायचा आणि राहणाऱ्या माणसाला आत फिरवून आणायचं. काकू मुलाबरोबर आल्या. ऊन कुठून येईल, मोठ्या घराकडे तोंड केलेली खिडकी किती छान, हे मी पोपटासारखं सांगत होते. काकूंनी पिशवीतून पेपर काढला, लाकडी जमिनीवर अंथरला आणि मांडी घालून बसल्या.

"इथून मला मोठ्या घराचं फक्त छप्पर दिसणार."

"आई, चेअरवर बस ना," मुलगा म्हणाला. "तुझा नवीन घर आहे, थोडा स्टाइल चेंज कर."

"भाजी मी जन्मभर खाली बसून चिरली. आणि नाती शाळेतून आलेल्या मला दिसल्या नाहीत, तर मी दिवसभर करू काय तिथे?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खरंच, खिडकीची खालची कड माझ्या डोक्याच्या वर होती. पुण्यात माझी आईही विळी घेऊन अशीच बसायची, मी शेजारी बसून गणितं करायचे. तरीही सगळ्या खिडक्या मी ठरलेल्या मापांच्या तक्त्यात बघून काढत आले होते, उभ्या आणि खुर्चीवर बसलेल्या माणसांसाठी. मला मनापासून लाज वाटली.

"काकू, खिडकी खाली आणते," मी म्हटलं.

तयार भिंत बाद करावी लागली. खिडकी जमिनीलगत म्हणून सुरक्षेची जाड काच आली, साहेबांची बोलणीही आली.

घर उभं राहिल्यावर महिन्याभराने मी पाहायला गेले. काकू खिडकीपाशी खाली बसून मेथी निवडत होत्या. युनिफॉर्ममधल्या दोन्ही नाती बाहेर गवतात बसून काचेतून त्यांना वेडावून दाखवत होत्या.

"काकू, करमतंय का परसात?" मी भीत भीत विचारलं.

"परस इथे कुठे?" त्यांनी मेथीची काडी समोरच्या मोठ्या घराकडे केली. "ते बघ. आता ही सगळी मंडळी माझ्या परसात राहतात."