धुतलेले शर्ट
साखर करपल्याचा वास आला की जऊळक्यातले आमचे स्वयंपाकघर आठवते. धाकटा भाऊ पुण्यात एका कॉफीच्या दुकानात कामाला होता. तिथेच रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. महिनाभराने आई म्हणाली, "थो तिकडे काय बनवे, मले करून दाखव." त्याने कधीतरी मला फोनवर पाठवलेली 'कॅरमल लाटे' नावाच्या दुधाळ कॉफीची कृती मी शोधून काढली. साखर कोरडीच वितळवली, ती तांबूस झाल्यावर साय आणि कडक कॉफी घातली. साखर जराशी करपलीच. आईने म्हशीच्या गरम दुधाला रवीने फेस आणला. "मशिनीचं काम मी हातानं करून राह्यली," ती म्हणाली. कप भरल्यावर तिने एक घोट घेतला. "इतकी कडू? अन् लोक पैसे देऊन पेतात?" मग तिने कप नाकाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. "त्याच्या शर्टाले हाच वास ये," ती म्हणाली. "पुण्याहून त्याची बॅग आली त्याच दिवशी मी सारे कपडे धुवून टाकले." ते शर्ट अजून कपाटात आहेत. त्यांना आता साबणाचाही वास येत नाही.