गुडघ्यातलं पाणी काढणारे डॉक्टर

गुडघ्यात पाणी साचायला महिने लागतात. दवाखान्यात किस्से साचायला एक सकाळ पुरते! दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मी नंदुरबारात कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर घाटावरचे, रागीट, पण हात हलका. गुडघा सुजला की लोकांना वाटायचं, आता पाय कापणार. डॉक्टर मला जाड सुई उकळायला सांगायचे, टोचून पाणी ओढायचे आणि पट्टी बांधून घरी पाठवायचे.

*

तापीकाठचा एक गुजर शेतकरी डोळे घट्ट मिटून बसला होता. भरलेली काचेची पिचकारी दाखवली तर बघतच राहिला. "डॉक्टर, मन्हा इहीरले पानी नही, आनि गुडघाले इतलं!"

*

मिरची वाळवायच्या पथारीवर बायका दिवसभर उकिडव्या बसून डेखं, म्हणजे मिरचीचे देठ, खुडायच्या. एकीनं टोचल्या जागी तोच तिखट हात दाबला आणि दवाखाना डोक्यावर घेतला! तेव्हापासून या बायकांचे हात आधी ताकानं धुवायचे, असा डॉक्टरांचा हुकूम. पुढची म्हणाली, "दुखस गुडघा, नि धुतस हात! हाऊ कसा डॉक्टर?"

*

रहीमचाचा पिंजारी. आमचा कापूस चिमटीत धरून त्यांनी तोंड वाकडं केलं. पुढच्या खेपेला स्वतः पिंजलेला कापूस घेऊन हजर! डॉक्टर भडकले, मग हात लावून पाहिला आणि मला म्हणाले, "वाफवून आण." चाचा खूश. "सुई तुमारी, रुई हमारी!"

*

आणि भागाबाई सुईण. लेकीचं पहिलं मूल सासरी दगावलेलं, म्हणून या खेपेला बाळंतपण आपणच करायचं, हा तिचा हट्ट. पण गुडघा असा सुजला की खाली बसवेना. डॉक्टरांनी पाणी काढलं आणि बजावलं, "पंधरा दिवस उकिडवं बसायचं नाही!"

चौथ्याच दिवशी लेकीला कळा सुरू झाल्याचं कळलं. ही म्हातारी ऐकायची नाही, म्हणून डॉक्टर तिला ओरडायला धावले, मागोमाग मी. दारात बायका आडव्या. "गडीमाणूस मझार नको!"

भागाबाई पाय लांब करून खाटेवर बसलेली. तिथूनच गरजली, "येऊ द्या त्याले! आज तो मन्हा हात शे."

डॉक्टरांनी कोट माझ्याकडे दिला. मी ओट्यावर. आतून तिचे हुकूम ऐकू यायचे, "घाई नको करू! आते धर!" आणि आमचे रागीट डॉक्टर म्हणायचे, "हो, बाई." माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी बाळ रडलं. मीही रडलो, लाज कसली?

डॉक्टर घामाघूम होऊन उठले. भागाबाईनं नात पोटाशी धरली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"हात चांगला शे तुन्हा. गुडघा सोड, हाई काम शिक!"