एका महिन्याच्या अंतराची भावंडं

"गुरुजी, इथचा साहेब विचारून राह्यला, तुमच्या आईले एका महिन्याच्या फरकानं दोन लेकरं कशी झाली?"

मोबाइलवर शकुन मडावी होती, जपानमधल्या एका लहान शहरातून. मी नागभीडला अंगणात चहा पीत बसलो होतो. प्रश्न ऐकून कप खाली ठेवला. त्याचं उत्तर तिच्या आईकडे नव्हतं. माझ्याकडे होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. पहिली नेमणूक जिवतीच्या डोंगरातल्या एका गोंड गावात. तेव्हा जिवती तालुकासुद्धा झाला नव्हता, सगळी कामं राजुऱ्याला. शकुन तिथली माझी विद्यार्थिनी. पुढे नर्सिंग शिकली, जपानी शिकली, तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरीला लागली आणि तिथल्याच स्वयंपाक्याशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी आहे. आता शकुनने जपानचं नागरिकत्व मागितलं होतं.

तिकडचा कायदा तिने मला सोपा करून सांगितला होता. तिथे जन्मलं म्हणून कोणी जपानी होत नाही. आई किंवा बाप जपानी लागतो. मुलीचा बाप जपानी, म्हणून मुलगी जन्मापासून जपानी. बाहेरच्याला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज मंजूर झाला की जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. आपल्याकडेही तसंच आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं आपोआप संपतं. दोन डगरींवर पाय दोघांनाही चालत नाही.

मग कशाला घेतेस, असं मी विचारलं होतं. तर म्हणाली, तिकडे प्रत्येक कुटुंबाची एक सरकारी नोंद असते. परदेशी सुनेला त्यात स्वतःची जागा मिळत नाही.

"नवऱ्याचं नाव आहे गुरुजी, पोरीचं आहे. मी शेऱ्याच्या रकान्यात आहो."

मास्तरला याहून जास्त सांगावं लागत नाही. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही काय लिहितो? 'सतत गैरहजर.' 'गाव सोडून गेले.'

अर्जासोबत माहेरच्या माणसांचे जन्माचे पुरावे द्यायचे होते. त्या गावात जन्माची नोंद कोणी केलीच नव्हती, म्हणून तिने शाळेचे दाखले लावले. भाऊ जंगू, एक जून. शकुन, एक जुलै. साल एकच, आई एकच. साहेब भला माणूस होता. यातलं एक मूल दत्तक आहे का, असं त्याने अदबीने विचारलं. पण समाधानकारक खुलासा आल्याशिवाय फाइल हलणार नव्हती.

खुलासा असा. तेव्हा पहिलीत घालायचं तर मूल सहा वर्षांचं हवं. वय कोणालाच माहीत नसे. मग आम्ही कान पाहायचो. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, की सहा पूर्ण. त्यांची आई लच्चुबाई दोन्ही लेकरं एकाच दिवशी घेऊन आली. जंगू थोरला, पण बुटका. त्याचा हात कानापर्यंत पोचेना. शकुन धाकटी, पण हातापायांनी लांब. तिने कान धरला आणि वर ओढूनही दाखवला. जंगूला परत पाठवलं असतं तर तिलाही पाठवावं लागलं असतं, कारण लच्चुबाई एकट्या पोरीला शाळेत ठेवायला तयार नव्हती. मग मी दोघांनाही सहाचं केलं. एकच तारीख लिहिली तर जुळी दिसतील, साहेब तपासणीला आले की विचारतील. म्हणून मध्ये एक महिना ठेवला.

तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं.

दाखलखारीज रजिस्टर म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही. मास्तरने त्यात लिहिलेली तारीख पुढे टीसीवर जाते, तिथून आधारवर, तिथून पासपोर्टवर. अर्ध्या गावाचा वाढदिवस मी जून-जुलैत आणून ठेवला होता. माझ्या अंदाजामुळे एका पोराचं पोलीस भरतीचं वय निघून गेलं, हे मला पुढे बाजारात त्याच्याच तोंडून कळलं. तो हसत सांगत होता. मला अजून हसता आलेलं नाही. त्याच्यासाठी काही करता आलं नाही. शकुनसाठी करता येत होतं.

राजुऱ्याला एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, 'नजरचुकीने' लिहू का?"

"नजर ठीक होती. मुद्दाम लिहिलं."

"असं लिहून द्याल तर पेन्शनवाले विचारतील."

"विचारू द्या. त्यांनाही कान धरून दाखवतो."

त्या हसल्या, पण प्रतिज्ञापत्र मी सांगितलं तसंच केलं. शकुनची तारीख बदलू नका, म्हणाल्या. नाहीतर पासपोर्ट, लग्नाची नोंद, सगळं उकरावं लागेल. तारखा शाळेत अंदाजाने घातल्या, एवढं खरं ते लिहा. आणि आईचा जबाब आणा.

लच्चुबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. साहेबाचा प्रश्न मी तिला सांगितला. तिने हातातली टोपली बाजूला ठेवली.

"एका महिन्यात? शेळीलेबी पाच महिने लागते गुरुजी."

"चूक माझी आहे बाई."

"मंग? मास्तर तुम्ही, अन् बाळंतपण माह्यं."

मग तिने हिशेब सांगितला. जंगू मोह पडत होता तेव्हा झाला. पुढे दोन पावसाळे गेले आणि थंडीत शकुन झाली. तिची तारीख कागदावर जुलैचीच राहील म्हटल्यावर तिने हात झटकला. महिना कोणताही ठेवा, दोन्ही लेकरं माझ्या पोटची आहेत एवढं पक्कं लिहा, म्हणाली. तसं लिहिलं. तिने अंगठा दिला.

जंगू सगळ्यात खूश. शाळेत पोरं त्याला 'महिनाभराचा दादा' म्हणून चिडवायची.

"म्हंजे आता मी दोन सालानं मोठा? शकुनले सांगा, पाया पडाले लागन."

कागदांचा जपानी तर्जुमा शकुननेच केला. कानाचं वाक्य काही केल्या साहेबाला समजेना. शेवटी तिने खुर्चीतून उठून करून दाखवलं. साहेबाने स्वतः करून पाहिलं. त्याचा हात पोचला. शेजारच्या टेबलावरच्या जाड्या साहेबाचा पोचला नाही. शकुन म्हणाली, त्या ऑफिसात तिने पहिल्यांदाच कोणाला हसताना पाहिलं. साहेबाने कागद ठेवून घेतले आणि फाइल पुढे गेली.

बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या सरकारी राजपत्रात तिचं नाव छापून आलं. तिकडे नागरिकत्व त्या दिवसापासून धरतात. तिचं भारतीय नागरिकत्वही त्याच दिवशी संपलं. पासपोर्ट आपल्या वकिलातीत जमा केला. मी मुद्दाम जिवतीला जाऊन लच्चुबाईला हे सांगितलं. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

"म्हंजे ते आता इथची नाई?"

"कागदावर नाही. इथे मत देता येणार नाही, शेत घेता येणार नाही. यायला-जायला मात्र कोणी अडवत नाही, त्याचं एक कार्ड काढता येतं."

तिने यंदाची मोहफुलं पसरायला घेतली.

"पोरगी सासरी गेली की राशन कार्डातून नाव कटतेच. हे सासर जरा लांब हाय. तिथं नाव चढलं ना?"

चढलं होतं. शकुनने उताऱ्याचा फोटो पाठवला होता. नवऱ्याच्या नावाशेजारी तिचं नाव, तिची स्वतःची जागा. मला लिपी येत नाही, म्हणून तिने व्हिडिओ कॉलवर बोटाने दाखवलं. जन्मतारीख, एक जुलै. मी अंदाजाने घातलेली तारीख आता दोन देशांच्या दप्तरात कायम झाली आहे. तिकडे जावई त्या दिवशी केक करतो.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की लग्न न झालेल्या माणसाने दुसऱ्याच्या लेकरांच्या जन्मतारखा लिहू नयेत. लिहायच्याच असतील तर आधी एखाद्या बाईला विचारावं, किंवा शेळीवाल्याला.