शुक्रवारची ओली पाकिटं

वासितीनं अळूच्या पानांच्या शिरा काढायला घेतल्या होत्या. निम्मी पानं ताटात सोलून पडली होती, निम्मी अजून देठांसकट भांड्यात. नारळ खवून झाला होता, दूध पिळायचं राहिलं होतं, आणि बुधवारच्या प्रार्थनेला निघायला जेमतेम तासभर होता. तेवढ्यात केलेरा दारात येऊन उभी राहिली. "आत ये" म्हटलं तरी आली नाही.

"आईला इस्पितळात ठेवलंय," ती म्हणाली. "सोमवारी तुमच्या दवाखान्यात दात काढला ना, तेव्हापासून गाल फुगत होता. आज सकाळी जीभ वर आली, थुंकीही गिळवेना. गळ्याला चीर देऊन नळी घातलीय."

"बोलते का?"

"कशी बोलणार? नळी आहे म्हणते ना. डॉक्टर मला विचारत होते, दात कुठं काढला, तिथली हत्यारं कशी असतात. मी म्हटलं, तिथं आमची वासिती आहे, आमच्याच चर्चच्या मंडळीतली. तिच्या हातची वस्तू अस्वच्छ असणं शक्य नाही."

केलेरानं हे मनापासून म्हटलं, आणि तेच वासितीला सोसवेना. केलेरा गेल्यावर ती पानांपुढे नुसती बसून राहिली.

केलेराची आई म्हणजे बूबू तोरिका. बूबू म्हणजे आजी, आणि लौतोका या बेटावरच्या शहरातल्या त्या वस्तीत ती सगळ्यांचीच बूबू होती. सोमवारी खुर्चीत बसल्या बसल्या तिनं वासितीची थट्टा केली होती. नियमाप्रमाणे वासितीनं पक्कडीचं पाकीट तिच्या डोळ्यांसमोर फाडलं, तेव्हा बूबू म्हणाली, "माझ्यासाठी कोरं करकरीत काढलंस होय गं? एवढ्या मानानं तर माझ्या नवऱ्यानंही मला कधी वाढलं नाही!" डॉक्टरबाईही हसल्या. वासिती हसली, पण तिच्या बोटांना पाकिटाचा कागद जाणवला होता. सुरकुतलेला, कडेला पाण्याचा डाग वाळून राहिलेला. तारीख शुक्रवारची होती.

वासिती शेचाळीस वर्षांची. आधी कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखाना बंद पडल्यावर डॉक्टर शोभना गौंडर यांनी तिला ठेवून घेतलं. कापडाच्या दुकानाच्या माडीवर दोन खुर्च्यांचा दवाखाना. वासितीला दाताचं काही कळत नव्हतं, पण शिवणकामानं हाताला शिस्त होती. हत्यारं घासायची, भिंगाखाली पाहायची, कागदी पाकिटात बंद करायची, जंतू मारणाऱ्या वाफेच्या यंत्रात लावायची, आणि प्रत्येक फेरीची नोंद रजिस्टरात. वेळ, उष्णता, पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला का, आणि शेवटचा रकाना: पाकिटं कोरडी निघाली का. नऊ वर्षं तिनं ते रजिस्टर नित्याच्या वाचनासारखं सांभाळलं.

तिची ख्रिस्ती मंडळी शनिवारचा शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला विसाव्याचा दिवस, पाळणारी. शब्बाथ लागतो शुक्रवारी सूर्य बुडाला की. वासितीचे वडील गावी उपदेश करायचे. सूर्य टेकायच्या आत ते चुलीतला निखारासुद्धा विझवायचे. आपल्या हातानं पेटवलेला जाळ जळत राहिला तर ते आपलंच काम, असं त्यांचं सांगणं होतं. वासितीच्या हाडात ते भिनलेलं.

आधी शुक्रवारी दवाखाना तीनला मिटायचा. या वर्षी दुसरा दंतवैद्य ऑकलंडला गेला आणि रोगी साडेचारपर्यंत येऊ लागले. जून लागला, म्हणजे तिकडचा हिवाळा, दिवस आखडले, सूर्य साडेपाचलाच बुडायला लागला. यंत्राची वाफ वीस मिनिटांत होते, पण पाकिटं सुकायला वर आणखी अर्धा तास लागतो. पहिल्या शुक्रवारी तिनं खिडकीतून उसाच्या शेतांवर उतरलेलं ऊन पाहिलं आणि सुकवणं मध्येच थांबवलं. वाफ तर पुरी झाली होती, खुणेचा रंगही बदलला होता. ओली पाकिटं तिनं टॉवेलनं टिपली, खणात पसरली. शेवटच्या रकान्यात 'हो' लिहिलं. त्यानंतर चार शुक्रवार तसंच.

गुरुवारी ती दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरबाई रजिस्टर उघडून बसल्या होत्या. इस्पितळातून त्यांना फोन येऊन गेला होता.

"बस," त्या म्हणाल्या. "सगळं पाहिलं मी. एक फेरी चुकलेली नाही. तुझं हे रजिस्टर आहे म्हणून आज माझी झोप शाबूत आहे बाई. या पानाची नक्कल त्यांना पाठवते. खाली सही कर."

पेन पुढे आलं. वासितीनं ते घेतलं नाही.

"डॉक्टरबाई, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"शेवटचा रकाना. शुक्रवारची पाकिटं ओली होती."

"एका शुक्रवारी?"

"पाच."

"यंत्र बिघडलंय?"

"नाही. मीच मध्ये बंद करत होते. सूर्य बुडायच्या आत."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्र आपोआप थांबतं हे मी तुला दहादा सांगितलंय. चालू ठेवून निघायचं होतंस."

"माझ्या हातानं लावलेलं काम शब्बाथात चालू राहिलं असतं."

"मग मला सांगायचंस! मी हिंदू बाई, माझा कुठला शुक्रवार आडवा येत होता? बटण मी दाबलं असतं!"

याला वासितीकडे उत्तर होतं, पण ते सांगायची लाज वाटली. दोन वर्षांपूर्वी ती घाईनं निघाली असता डॉक्टरबाई रोग्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्या वासितीचा देव घड्याळ लावून बसतो." सगळे हसले होते. तेव्हापासून तिनं शुक्रवारचं नाव काढलं नव्हतं.

"ओला कागद म्हणजे चाळणी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या टॉवेलचं, खणाचं, हाताचं सगळं आत ओढून घेतो. हे पहिल्या महिन्यात शिकवलं होतं तुला. आणि 'हो' लिहिताना? खोटं लिहायला तुझ्या देवाची हरकत नव्हती?"

वासितीनं मान खाली घातली. लिहिताना ते खोटं वाटलंच नव्हतं, आणि तेच तिला आता सगळ्यांत भयंकर वाटत होतं. शब्बाथ वाचवला याच समाधानात ती पाच वेळा प्रार्थनेला बसली होती.

डॉक्टरबाईंनी त्या दिवसाचे सगळे रोगी परत पाठवले. सगळे खण उपडे केले, पाकिटं फाडून हत्यारं पुन्हा धुवायला टाकली. वासिती रजिस्टरातले 'हो' खोडायला गेली तर ओरडल्या, "खाडाखोड नको! बाजूला खरं लिही, आजची तारीख टाक, सही कर. पाचही ठिकाणी." मग त्या पाकिटांतली हत्यारं ज्यांच्या तोंडात गेली त्यांची यादी केली. बूबूखेरीज एकतीस नावं. वासिती एकेकाला फोन करू लागली.

"नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. जखम दुखते का? सूज, ताप?"

कुणी म्हणालं, ठीक आहे. ऊस वाहणारा एक जण म्हणाला, हिरडी ठणकतेय, पण गोळ्या खातोय. त्याला तसाच बोलावून घेतला. एका शिक्षिकेनं विचारलं, "चूक कुणाची?" वासिती म्हणाली, "माझी." पलीकडून फोन ठेवला गेला.

एकोणीस नावं झाली होती तेव्हा इस्पितळाचा फोन आला. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"गेली बूबू."

वासितीनं हातातला फोन खाली ठेवला.

"नीट ऐक," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिची साखर चढलेली होती. मुळाशी पू आधीपासून होता. त्यानंही झालं असेल. त्या पक्कडीनं झालं की नाही, हे कधीच कुणाला सांगता येणार नाही. मलाही नाही, तुलाही नाही. मी वर आरोग्य खात्याला कळवतेय, सगळं जसंच्या तसं. दवाखाना बंद ठेवतील. तू उरलेले फोन पुरे कर." मग म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

वासितीनं बारा फोन केले आणि घरी गेली. इसिमेली, तिचा नवरा, दारात बसून जाळं विणत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याचे हात थांबले.

"केलेराला कळलंय?"

"आई गेल्याचं कळलंय. माझं नाही. आता जाते, सांगते."

"अशी? रिकाम्या हातानं?" इसिमेली म्हणाला. "त्यांच्या घरातलं माणूस गेलंय. एकटीनं जाऊन रडलीस तर तिनं तुलाच समजवायचं का? माफी मागायची तर रीतीनं, आपल्या माणसांना घेऊन, देवमाशाचा दात पुढे ठेवून, गुडघ्यांवर. त्यांनी उचलला तर माफी."

"आणि नाही उचलला तर?"

"तर नाही. तरी मागायची."

जुन्या रीतीप्रमाणे माफीला लागणारा तसा दात त्यांच्या घरात नव्हता. होता तो इसिमेलीच्या थोरल्या भावाकडे, वडिलांच्या वेळचा, आणि तो भाऊ सहज देणारा नव्हता. कशासाठी हवा, हे आधी त्यालाही सगळं सांगावं लागणार होतं. वासितीनं तोंड धुतलं, साधा लांब झगा घातला. चारच्या बसनं बा नावाच्या नदीकाठच्या गावी जाऊन थोरल्या दिरांकडून देवमाशाचा दात मागून आणायचा होता, मगच केलेराच्या दारी जायचं होतं.