पांढरी राख

मी दुसरी यत्ता शिकलेला माणूस. तरी इंग्रजाच्या अमदानीत कर्जतजवळच्या भातकेंद्रात प्रयोगशाळेची भट्टी माझ्या हाताखाली होती, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो.

भट्टी म्हणजे विटांचं खोकं, खाली लाकडी कोळसा, पोटात मातीची बंद पेटी. भाताचं तूस तोलून चिनीमातीच्या वाटीत घालायचं, वाटी पेटीत ठेवायची, जळून राख उरली की परत तोलायची. कुठल्या वाणाच्या तुसात राख किती, ते त्यावरून कळायचं.

पण राख पांढरी व्हायच्या ऐवजी काळी, अर्धवट जळलेली निघायची. एकाच तुसाच्या दोन वाट्या जुळत नसत. आमचे साहेब पुण्याहून रसायन शिकून आलेले. पेटी लालबुंद झाली की वाटी आत ढकलायला लावायचे. भक्कन जाळ व्हायचा, खोलीभर धूर, अन् हलकी राख उडून जायची. दोष मात्र माझा. शेवटी म्हणाले, उद्यापासून भट्टीवर दुसरा माणूस येईल, तू गोठ्याकडे जा.

मी हललो नाही. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला-शेण पसरून आम्ही राब भाजतो, तो मी लहानपणापासून भाजलेला.

"साहेब, राबाला आमी वाऱ्याच्या उलट टोकाला काडी लावतो. वरून माती टाकतो. धुमसत जळला पायजे. भडकला तर राख उडाली."

"अरे, हे शास्त्र आहे. राब नव्हे."

"राख दोन्हीकडं राखच हाय. आजचा दिवस माझ्या मनानं करू द्या. काळी निघाली तर गोठ्यात नाय, घरीच जातो."

भट्टी कोमट होती तोवरच मी एकाच तुसाच्या दोन वाट्या पेटीच्या दाराशी ठेवल्या. दार चार बोटं उघडं. धूर बारीक निघू दिला. कुणी कोळसा फुलवू नये म्हणून फुंकणी लपवून ठेवली. केंद्राच्या कारकुनानं टिंगल केली, राबावर पेरणी कधी? साहेब दोनदा डोकावले. मी मान वर केली नाही. दुपारी धूर सरला, तेव्हा वाट्या जराजरा आत सरकवल्या अन् मग कोळसा वाढवला.

संध्याकाळी वाट्या निवल्या. तुसाचा आकार जसाच्या तसा, पण रंग बगळ्याच्या पिसासारखा. साहेबांनी श्वास रोखून तोललं. दोन्ही वजनं जुळली. त्यांनी ती वहीत लिहिली.

दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला, मॅट्रिक झालेला. साहेबांनी त्याला माझ्यापुढं उभं केलं. "भट्टी ह्यांची आहे. हे सांगतील तसं करायचं."

अरेतुरे गेलं ते गेलंच. अन् त्या मॅट्रिकवाल्याला मी महिनाभर फुंकणीला हात लावू दिला नाही.